जुनं विमान ऐकायला गच्चीवर का धावतो?

प्रश्न आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचा आहे. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मला आजोबा म्हणते. तिने विचारलं ते असं: "आजोबा, प्रवासी विमान डोक्यावरून गेलं तर तुम्ही मानसुद्धा वर करत नाही. पण नाशिकच्या गांधीनगर तळावरचं चीता हेलिकॉप्टर आलं की चहा तसाच ठेवून गच्चीवर जाता. मोबाइलवर डाकोटा, टायगर मॉथ असली जुनी विमानं लोक डोळे मिटून ऐकतात. त्या आवाजात खरंच काही असतं, की नुसती जुन्या माणसांची हौस?"

हौस आहे, नाही म्हणत नाही. माझं लहानपण पुण्याजवळ वाघोलीकडे गेलं. लोहगावच्या तळावर तेव्हा लिबरेटर बॉम्बर विमानं होती, चार इंजिनांची, दुसऱ्या महायुद्धातली. १९६८ च्या अखेरीला ती निवृत्त झाली, तोवर मी सतरा वर्षांचा होतो आणि हवाई दलात जायचं पक्कं झालं होतं. पुढे तांबरमला इंजिन फिटरचं प्रशिक्षण, मग हार्वर्ड या शिकाऊ वैमानिकांच्या विमानाचे शेवटचे दिवस, मग डाकोटा, आणि १९८४ नंतर एएन-३२, दोन्ही वाहतुकीची. म्हणजे माझा कान निष्पक्ष नाही. पण तू मेकॅनिकलची आहेस, तुला हौशीपलीकडचं उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर एका वाक्याचं आहे: जुन्या इंजिनाचा आवाज मोजता येतो. आत किती सिलिंडर आहेत, पाती किती, कोण कुणाच्या मागे पडलंय, ओझं किती आहे, हे सगळं त्या आवाजात उघडं असतं. प्रवासी जेटच्या आवाजात वारा ऐकू येतो, यंत्र नाही.

सगळ्यात सोपं टायगर मॉथ. हवाई दलाने २०१२ मध्ये एक पुन्हा उडतं केलं. त्याचं जिप्सी मेजर इंजिन चार सिलिंडरचं, १३० हॉर्सपॉवरचं. फोर-स्ट्रोक म्हणजे एका फेऱ्याला दोन स्फोट. प्रोपेलर लाकडी, दोन पात्यांचा, गिअर मध्ये नाही, थेट शाफ्टवर. म्हणजे एका फेऱ्याला पात्यांचे ठोकेही दोनच. २००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांना, इंजिन सेकंदाला ६७ वेळा ठोकतं आणि प्रोपेलरही ६७ वेळाच. दोघं एकाच ठोक्यावर चालतात. म्हणून टायगर मॉथचा आवाज साधा वाटतो, एकाच माणसाने केल्यासारखा.

हार्वर्डला नऊ सिलिंडर, गोलाकार बसवलेली. गोलाकार इंजिनाच्या एका ओळीत सिलिंडर विषम संख्येने असतात, कारण स्फोट एक सोडून एक होत जातात: १-३-५-७-९, मग २-४-६-८, मग परत १. सम संख्या असती तर ही साखळी बसलीच नसती. १८५० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला सुमारे १३८ ठोके देतं, दोन पाती ६२ देतात. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत, आणि त्या न बसण्यामुळे आवाजाला खरखर येते. तंबोऱ्याला जवारी असते ना, तारेखालच्या धाग्यामुळे येते ती, तशी. जवारी काढलेला तंबोरा सुरात असतो, पण ऐकवत नाही.

टेकऑफला मात्र हार्वर्ड वेगळंच ओरडायचं. हा हिशोब तू स्वतः करून बघ. प्रोपेलरचा व्यास २.७४ मीटर, फेरे मिनिटाला २२५०, गिअर नाही. टोकाचा वेग सेकंदाला ३२३ मीटर येतो. त्यात विमानाचा पुढे जाण्याचा वेग मिळव. ध्वनीचा वेग साधारण ३४० मीटर. पात्याचं टोक ध्वनीच्या उंबरठ्यावर जाऊन पोचतं, आणि हवा ओरबाडली जाते. हिवाळ्यात पहाटे हवा गार, गार हवेत ध्वनीचा वेग कमी, म्हणून टोक उंबरठ्याच्या आणखी जवळ. थंडीत हार्वर्ड जास्त कर्कश का वाटायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. फार उशिरा, असाच कागदावर हिशोब मांडताना कळलं.

हार्वर्डच्या तळावरच मी पहिल्यांदा कानाने काम करायला शिकलो. आमचे वॉरंट साब, पंजाबी गृहस्थ, हँगरच्या दारात स्टुलावर बसून चहा प्यायचे. एकदा एक हार्वर्ड सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या घिरटीत आलं, अजून डाऊनविंडला, धावपट्टीला समांतर लांबवर होतं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "सुन, एक मर गया." मला काहीच ऐकू आलं नाही. विमान जवळ आलं तेव्हा आवाजाखाली एक फडफड लागली, ओल्या चादरीसारखी. उतरल्यावर काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकला होता.

फडफडच का? नऊतला एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. १८५० आरपीएमला सेकंदाला पंधरा वेळा. तो मेला की १३८ ठोक्यांच्या सलग आवाजात सेकंदाला पंधरा खड्डे पडतात. कान सलग आवाज विसरतो, खड्डे विसरत नाही. एक प्लग गेला तर हे ऐकू येत नाही बरं का. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, एकाने काम भागतं. प्लगचा दोष आकाशातून ऐकू आला म्हणणारे मला पुष्कळ भेटले. मी त्यांना चहा पाजतो, वाद घालत नाही.

आता डाकोटा, ज्यासाठी तू मुळात विचारलंस. याचा आवाज उडायच्या आधी सुरू होतो, म्हणून तिथूनच सांगतो.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गोलाकार इंजिनात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन तेलावर आपटतो, तेल काही दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पहाटे आम्ही दोघं-तिघं प्रोपेलर हाताने फिरवायचो, एकामागून एक पातं खाली ओढत, बारा-पंधरा पाती मोजून. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून तेल वाहू द्यायचं. मग मी आग विझवायची बाटली घेऊन इंजिनाच्या बाजूला उभा. स्टार्टर कण्हायला लागतो. पाती जड जड फिरतात. पायलट मनात मोजतो आणि मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारं यंत्र, चालू करतो. एक सिलिंडर खोकतो. मग दोन गप्प, मग तीन एकदम. निळा धूर मागे लोळतो, जळक्या तेलाचा वास नाकात बसतो. चौदाच्या चौदा एकदम कधीच उठत नाहीत. एकेक जागा होत जातो, आणि शेवटचा जागा झाला की आवाज एकदम गोल होतो. तो क्षण बाटली हातात धरून मी किती वेळा ऐकला असेन, हिशोब नाही. दर वेळी खांदे आपोआप सैल व्हायचे.

डाकोटाचं इंजिन ट्विन वास्प, चौदा सिलिंडर दोन ओळींत, १२०० हॉर्सपॉवर, अशी दोन. मध्ये गिअर आहे, इंजिनाच्या सोळा फेऱ्यांना प्रोपेलरचे नऊ. म्हणून साडेतीन मीटरचा प्रोपेलर असूनही त्याची टोकं हार्वर्डसारखी ओरडत नाहीत. २०५० आरपीएमच्या चालीला तीन पात्यांचा ठोका सेकंदाला ५८ च्या आसपास, इंजिनाचा २३९. खाली खर्ज, वर खरखर.

आणि यावर तिसरी गोष्ट: दोन इंजिनं कधीच तंतोतंत एका चालीची नसतात. एक २०५० वर, दुसरं २०४० वर असलं की दोघांच्या पात्यांचे ठोके कधी जुळतात, कधी सुटतात. या दहा आरपीएमच्या फरकाचा हिशोब केलास तर साधारण साडेतीन सेकंदांना एक लाट येते. वँऽऽव, वँऽऽव. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा लावताना जी लाट ऐकून वादक खुंटी पिळतो, तीच ही. पायलटही तेच करतो, कानाने. लाट लांबत लांबत जाते, थांबते, म्हणजे दोन्ही जुळली. जमिनीवरून ऐकताना ती लाट हळूहळू लांबलेली कळली की समजावं, वर कुणीतरी आत्ता लिव्हर हलवली. माणूस दिसत नाही, पण त्याचा हात ऐकू येतो. लोक डोळे मिटून ऐकतात म्हणालीस ना, ते माझ्या मते हे ऐकत असतात, त्यांना नाव माहीत नसलं तरी.

मग विमान डोक्यावरून जातं तेव्हाची गंमत. येताना सूर चढलेला, जाताना उतरलेला, हे डॉप्लरचं तू शाळेत शिकलीस. पण किती उतरतो? डाकोटा ताशी अडीचशे किलोमीटरने जातंय असं धर, म्हणजे सेकंदाला ६९ मीटर, ध्वनीच्या वेगाचा पाचवा भाग. १.२ भागिले ०.८, उत्तर दीड. दीड म्हणजे काय, पेटीवर बघ: सा ते प. डाकोटा डोक्यावरून जाताना बरोबर पंचमावरून षड्जावर उतरतं. हा योगायोग आहे, विमान बांधणाऱ्याने गाणं डोक्यात ठेवून वेग ठरवला नव्हता. पण गाणं ऐकून वाढलेल्या कानाला घरी आल्यासारखं वाटतं, ते का, याचा एवढा पुरावा मला पुरेसा आहे. जेटचा वेग ध्वनीच्या जवळ गेला की हे नातं उरत नाही, सूर नुसता कोसळतो.

हवाई दलाकडे आज जे डाकोटा उडतं त्याचं नाव परशुराम, अंगावर क्रमांक व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. इंग्लंडात दुरुस्त होऊन, टप्प्याटप्प्याने स्वतःच्या पंखांवर उडत ते २०१८ मध्ये भारतात आलं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील डाकोटाचे पायलट होते. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला या डाकोटाच्या दोन बाजूंना दोन डॉर्निअर, आजची छोटी वाहतूक विमानं, उडाली, १९७१ च्या युद्धात बांगलादेशातल्या टांगाइलला भारतीय जवानांनी घेतलेल्या छत्रीउडीची आठवण म्हणून. सगळ्यांनी ते बघितलं, मी टीव्हीचा आवाज वाढवून निवेदकाला शिव्या घालत बसलो. डॉर्निअरचा प्रोपेलर मिनिटाला १५९१ फेऱ्यांनी फिरतो, चार पात्यांचा धरला तर सेकंदाला १०६ ठोके. डाकोटाच्या ५८ च्या जवळजवळ एक सप्तक वर. मध्ये आजोबा खर्जात आणि दोन्ही बाजूंना नातवंडं वरच्या सप्तकात, आणि निवेदक बोलतच होता.

लहानपणच्या लिबरेटरकडे परत येतो, कारण त्यात एक धडा आहे. त्यालाही हीच ट्विन वास्प इंजिनं होती, चार. तरी आवाज डाकोटासारखा नव्हता. एक्झॉस्ट टर्बोतून, म्हणजे त्याच धुराने फिरणाऱ्या पंख्यातून, बाहेर यायचा, टर्बोने खरखर खाऊन टाकलेली असायची. उरायचा तो एक लांब, जड घूं. शेतात बैल कान टवकारायचे, मग आम्हाला ऐकू यायचं. इंजिन तेच असलं तरी धूर कुठून बाहेर पडतो त्यावर आवाज ठरतो, हे बुलेटच्या पुंगळ्या बदलणाऱ्या पोरांना न शिकता कळतं. आपल्या हवाई दलातून निवृत्त झालेलं एक लिबरेटर पुढे अमेरिकेत पुन्हा उडतं केलं गेलं. माझ्या वाघोलीचा आवाज तिकडे लोकांनी तिकीट काढून ऐकला.

तू विचारशील, जुन्यांचं कळलं, पण चीता काही संग्रहालयातलं नाही. रोज कामाला निघतं. बरोबर. पण कामावर निघालेल्या विमानाचा आवाज ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला खरं तर तीच जास्त आवडते.

एएन-३२ घे. त्याची टर्बोप्रॉप इंजिनं, म्हणजे टर्बाइनने प्रोपेलर फिरवणारी, हवेत एकाच फेऱ्यावर चालतात. पायलटने ताकद वाढवली तरी सूर बदलत नाही, पात्यांचा कोन बदलतो, ती हवेत जास्त खोल घास घेतात. त्यामुळे आवाज चढत नाही, जड होतो. चंदीगडला सामान भरलेलं एएन-३२ आणि रिकामं परतणारं एएन-३२ मी पाठ करून उभा असलो तरी वेगळं सांगू शकायचो. हमालाच्या डोक्यावर पोतं आहे की नाही हे त्याच्या पावलांवरून कळतं, तसं.

चीताचंही तेच. मुख्य पंख्याला तीन पाती, मिनिटाला ३५३ फेरे, म्हणजे सेकंदाला साधारण अठरा थापा. त्यावर आर्टूस्ट इंजिनाची शीळ. ते मिनिटाला ३३,५०० फेऱ्यांनी फिरतं आणि चाल बदलत नाही. शीळ कायम, थाप मात्र बदलते. वळताना, उतरायला लागल्यावर पाती स्वतःच्याच भोवऱ्यात शिरतात आणि थाप टणक होते. गांधीनगरला हेलिकॉप्टर चालवायला शिकणारी मुलं असतात. त्यांचं उतरणं गच्चीवरून ऐकताना मला कळतं, आज हात नवखा आहे, वारंवार दुरुस्ती चाललीय. याच जातीच्या फ्रेंच लामावर ज्याँ बुले यांनी १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली. तिथे इंजिन विझलं, आणि ते पंख्याच्या नुसत्या गिरकीवर खालपर्यंत आले. शीळ गेलेली, फक्त थाप. त्या उतरण्याचा आवाज खालून कसा लागला असेल, मी अजूनही कधीकधी विचार करतो.

मग प्रवासी विमानाचं काय बिघडलं? काहीच नाही, सुधारलं. जेम्स लाइटहिल या इंग्रज गणितज्ञाने १९५२ मध्ये दाखवून दिलं की जेटच्या झोताचा आवाज त्याच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. झोत अर्ध्या वेगाने सोडला तर आवाजाची ताकद २५६ पट कमी. म्हणून आजची इंजिनं समोर मोठा पंखा लावून भरपूर हवा सावकाश ढकलतात. शिवाय विमान दहा किलोमीटर उंच. आवाज खाली पोचायला अर्धा मिनिट, तोवर विमान सात किलोमीटर पुढे. वाटेत हवा वरचे सूर गिळून टाकते. तुझ्यापर्यंत जे येतं ते आकाशाच्या रिकाम्या कोपऱ्यातून आलेलं गुरगुरणं. त्याच्याकडे मान वर करून बघायचं काय?

आणि हे सगळं आवडीने सांगताना एक कबूल करायला हवं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेल्या मिग-२१ या लढाऊ विमानाचा आफ्टरबर्नर, म्हणजे झोतात जादा इंधन जाळून मिळणारा जोर, मांजरपाट टराटरा फाडल्यासारखा यायचा. मला तो हवाहवासा. तळाजवळ राहणाऱ्या बाळंतिणीला, परीक्षेच्या पोराला विचार. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा मी डोळे पुसले, आणि आमच्या ओझरच्या बहिणीने फोनवर "सुटलो बाई" म्हटलं. दोघांचंही खरं.

मोबाइलवर ऐकून मत बनवू नकोस. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ५८ चा खर्ज बाहेर पडतच नाही, आणि माइक मोठा आवाज आपोआप दाबतो, त्यामुळे विमान जवळ येतंय की दूर जातंय यातला फरकच पुसला जातो. निदान चांगले हेडफोन लाव. प्रत्यक्ष ऐकायचं तर हवाई दल दिनाच्या, ८ ऑक्टोबरच्या संचलनाकडे लक्ष ठेव, परशुराम कधी कधी त्यात असतं. तुझा भाऊ इंग्लंडात आहे ना, त्याला बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनला, जुनी विमानं उडवणाऱ्या शटलवर्थ संग्रहालयाच्या मैदानावर उन्हाळ्यात जायला सांग. भिंतीपासून लांब, मोकळ्यावर, गवतावर उभं राहायचं.

राहता राहिला माझा कान. आमच्या उमेदीत कानात कापूस घालायचो, तोही आठवण झाली तर. मागच्या वर्षी तपासणी केली. कागदावरची रेघ डावीकडे सरळ आणि उजवीकडे दरीत गेलेली. खालचे सूर शाबूत, वरचे गेले. कुकरची शिट्टी मला दुसऱ्या खोलीतून ऐकू येत नाही, यावरून घरात रोज एक वाद होतो. चीताची शीळही गेली. थाप मात्र सगळ्यांच्या आधी येते, म्हणूनच चहा टाकून उठतो.

उद्या संध्याकाळी गच्चीवर ये. पूर्वेकडून पहिलं चीता येईल तेव्हा तुला आधी शीळ लागते की थाप, ते मला सांग. हिशोबाप्रमाणे लांबून थाप आधी यायला हवी, कारण शीळ हवेत विरते. पण मला ते पडताळून बघता येत नाही, माझ्याकडे एकच उरली आहे.